जिन्याखालचा सर्व्हर

(पॉडकास्टच्या भागाची लिखित आवृत्ती. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे, अडखळणं तेवढं काढलंय.)

मागे ठक-ठक असा आवाज येतोय ना? तो मी एडिट करून काढणार नाहीये. आज कसबा पेठेत, मामाच्या दुकानाच्या माळ्यावर बसून रेकॉर्ड करतोय आणि पलीकडे तांबट आळी आहे. पेशवाईपासून इथे तांब्याची भांडी घडवतात. तांब्यावर हातोडीनं एकेक ठोका देत जे बारीक खळगे उठवतात, त्याला मठारकाम म्हणतात. तुमच्यापैकी कुणाकडे तांब्याचा जार असेल तर बघा, त्यावर असतील. मामाचा धंदा याच मालाचा. हंडे, बंब, समया, पातेली, सगळं होलसेल.

आणि विषय आहे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम. थांबा, लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका! तुम्ही हे मोबाइलवर ऐकताय, म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांनी सर्व्हर डोळ्यांनी पाहिलेलाही नसेल. सर्व्हर म्हटलं की बर्फासारखी थंड खोली, निळे दिवे, असं काहीतरी येतं डोळ्यांसमोर. पण पुण्याच्या पेठांमधले कितीतरी सर्व्हर जिन्याखाली आहेत. अक्षरशः. लाकडी जिना, त्याखाली पूर्वी कोळशाचं पोतं असायचं, तिथे आता एक काळा टॉवर, शेजारी यूपीएस आणि वर कॅलेंडर. मामाचा तसाच होता. २०१४ मध्ये घेतलेला, त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर टू. काम काय, तर अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, आठ कॉम्प्युटरना लागणाऱ्या फायली आणि मालाचे फोटो. बस.

मी स्वतः हिंजवडीत नोकरी करतो, सर्व्हर सांभाळण्याचीच. त्यामुळे घरात माझी ख्याती 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी. आता पुढचं ऐका आणि ठरवा किती कळतं ते.

२०२४ चा जून महिना. ऑफिसमध्ये आमची पळापळ चालू होती, कारण ३० जूनला सेंटओएस ७ चा सपोर्ट संपत होता. सेंटओएस म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, फुकट, आणि सर्व्हरवर खूप चालायचा. सपोर्ट संपतो म्हणजे काय? मशीन बंद पडत नाही. सगळं कालच्यासारखंच चालतं. फक्त त्या दिवसानंतर एखादं भोक सापडलं, तर ते बुजवणारा पॅच येत नाही. घराचं कुलूप तेच आहे, पण त्याची चावी कशी बनवायची हे उद्या कुणी जगाला सांगितलं, तर कुलूपवाला म्हणणार, सॉरी, ते मॉडेल आम्ही आता बघत नाही.

सेंटओएसवरून थोडं विषयांतर. आवृत्ती ८ बद्दल आधी सांगितलं होतं की २०२९ पर्यंत चालेल. त्या भरवशावर लोकांनी मशीन्स लावली. आणि ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं, की २०२१ संपलं की सेंटओएस ८ संपलं. त्या रागातूनच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स जन्माला आले. आम्ही ७ वरची शेकडो मशीन्स अल्मावर नेत होतो. एक्सेलमध्ये यादी, हिरवा रंग झालेल्यांना, लाल रंग राहिलेल्यांना. २९ आणि ३० जून, शनिवार-रविवार, मी ऑफिसातच होतो.

आणि मामाच्या जिन्याखालच्या सर्व्हरचा सपोर्ट कधी संपला होता? १० ऑक्टोबर २०२३. साडेआठ महिने आधी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जगाच्या तारखा माझ्या एक्सेलमध्ये होत्या, घरची नव्हती.

सोमवारी १ जुलैला सकाळी साडेदहाला मामाचा फोन. "अरे, बिलं उघडत नाहीयेत. आणि स्क्रीनवर इंग्लिशमध्ये काहीतरी लिहून आलंय. पैसे मागतायत."

मला पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, "मामा, सगळ्यांना सांग, जिन्याखालच्या डब्याची नेटवर्कची वायर काढा. वीज बंद करू नका, फक्त वायर काढा." मामा म्हणाला, "कुठली? इथे पाच आहेत." म्हटलं, सगळ्या काढ.

त्या दिवशी पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या. पेठांमधले निम्मे रस्ते बंद. शिवाजीनगरला गाडी लावली आणि वारकऱ्यांच्या गर्दीतून चालत निघालो. एरवी मला तो दिवस फार आवडतो. त्या दिवशी मला टाळ-मृदंगही ऐकू येत नव्हते, डोक्यात एकच: बॅकअप. बॅकअपची यूएसबी डिस्क सर्व्हरला जोडलेली आहे. कायमची जोडलेली आहे.

पोचलो तर व्हायचं तेच झालेलं. फायलींच्या नावापुढे विचित्र शेपट्या, उघडायला गेलं की कचरा. यूएसबी डिस्कवरही तेच. विंडोज स्वतः ज्या जुन्या प्रती ठेवतं, शॅडो कॉपी, त्या पहिल्या झटक्यात पुसलेल्या. हे लोक हे नेहमीच करतात, त्यांच्या कामातली ती पहिली पायरी असते. मागितलेली रक्कम बिटकॉइनमध्ये, साधारण मामाच्या दिवाळीच्या सीझनच्या नफ्याइतकी. मामा खुर्चीत बसून म्हणाला, "पण आमच्याकडे कशाला येतील? आम्ही काय कॉसमॉस बँक आहोत?"

पुणेकरांना ते प्रकरण आठवत असेल. ऑगस्ट २०१८, दोन-तीन दिवसांत ९४ कोटींवर रुपये गेले, बरेचसे जगभरातल्या एटीएममधून. तेव्हापासून पुण्यात हॅकिंग म्हणजे तेवढं मोठं काहीतरी, असं लोकांच्या डोक्यात बसलंय. पण मामाकडे कुणी माणूस ठरवून आलाच नव्हता. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक ठोठावत जाणारे प्रोग्रॅम असतात, रात्रंदिवस. दार उघडं दिसलं की आत. ते दुकान तांब्याचं आहे की हिऱ्यांचं, हे त्यांना आत शिरल्यावर कळतं.

आता दार उघडं कुणी ठेवलं? मी. हे सांगायलाच हा भाग करतोय, नाहीतर विंडोजच्या नव्या सोयी काय, कुठेही वाचायला मिळतात.

२०२० चं लॉकडाउन. सीए मॅडम येऊ शकत नव्हत्या, हिशेब बघायचे होते. मी घरी बसून राउटरमध्ये एक पोर्ट उघडून दिला, म्हणजे त्या त्यांच्या घरून थेट सर्व्हरचा स्क्रीन उघडू शकतील. रिमोट डेस्कटॉप म्हणतात त्याला. त्याचा ठरलेला पोर्ट ३३८९. मी हुशार ना, मी नंबर बदलून दुसराच ठेवला, वाटलं कुणाला कळणार! दाराचा रंग बदलला म्हणून दार दिसायचं थांबत नाही. पासवर्ड काय, तर दुकानाचं नाव आणि साल. आणि लॉगिन 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' या खात्यानं. 'तात्पुरतं' केलेलं होतं. चार वर्षं चाललं. शिवाय तशी जी दोन कनेक्शन्स सर्व्हरसोबत मिळतात, ती देखभालीसाठी असतात, रोज बसून हिशेब लिहायला नाहीत, त्याचं लायसन्स वेगळं. म्हणजे ते नियमातही बसत नव्हतं.

सर्व्हरची नोंदवही बघितली. विंडोजमध्ये प्रत्येक फसलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ या नंबरानं होते, यशस्वी झालेल्याची ४६२४. खाली स्क्रोल करतोय तर ४६२५, ४६२५, ४६२५, संपतच नाही. सेकंदाला कित्येक. मागे किती दिवस चाललं होतं हे कळायला मार्गच नाही, कारण नोंदवही भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. आणि मग रविवारी पहाटे मध्येच एक ४६२४. मी त्या एका ओळीकडे किती वेळ बघत बसलो, माहीत नाही.

आता इथे ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुधारणांचा भाग येतो आणि तो मला त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं समजला. इतकी वर्षं मी 'नवीन काय' अशा याद्या वाचत होतो. पण दुकान बंद पडलेलं असताना ती यादी वाचून बघा. प्रत्येक ओळीखाली दिसतं, की हे कुणाचं तरी वाटोळं झाल्यावर लिहिलंय.

लॉकआउटचंच घ्या. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तीनदा पिन चुकला की खातं थांबतं, हे तुम्हाला सवयीचं आहे. विंडोजमधलं मूळचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं मात्र कितीही वेळा चुकलं तरी बंद पडत नसे. म्हणजे सगळ्यात मोठ्या चावीला सगळ्यात कमी पहारा. ऑक्टोबर २०२२ मध्ये, तेव्हा सपोर्टमध्ये असलेल्या विंडोजसाठी, हे बंद करायची सोय आली: दहा चुका झाल्या की खातं दहा मिनिटं बंद. नव्यानं लावलेल्या मशीनवर ती आपोआप चालू, जुन्यावर हातानं चालू करायची. आमचं मशीन जुनं. हातानं कुणी चालू करायची होती? तुम्हाला उत्तर माहीत आहे.

दुसरं, अँटिव्हायरस. विंडोज सर्व्हरमध्ये डिफेंडर मुळातच बसवून मिळायला लागला तो २०१६ च्या आवृत्तीपासून. २०१२ आर टू मध्ये तो नव्हताच. बाहेरून घेतलेलं एक होतं, त्याची वर्गणी कधीतरी संपली होती आणि तो कोपऱ्यात लाल चिन्ह दाखवत होता. दिवाणजींना वाटायचं ते चिन्ह म्हणजे 'चालू आहे'.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त लागलं. २०१९ च्या आवृत्तीपासून सर्व्हरमध्ये एक सोय आहे. तुम्ही काही फोल्डर ठरवून द्यायचे, आणि ओळखीच्या प्रोग्रॅमशिवाय कुणालाही तिथे लिहू द्यायचं नाही. म्हणजे चोर घरात शिरला तरी तिजोरीच्या खोलीला वेगळा पहारेकरी. बरोबर अशाच हल्ल्यांसाठी बनवलेली. अर्थात तीही आपोआप चालू नसते. आणि चोराच्या हातात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची चावी असेल, तर तो पहारेकऱ्यालाच घरी पाठवू शकतो, हेही खरं. पण वेळ तर गेला असता त्याचा.

बरं, मग वाचलो कसे? दिवाणजींमुळे. दिवाणजी एकाहत्तर वर्षांचे. मामाच्या वडिलांच्या काळापासून हिशेब लिहितात. त्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही. दर शनिवारी संध्याकाळी ते हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतात, तो कापडी पिशवीत घालतात, पिशवीवर कागद लावून तारीख लिहितात आणि तिजोरीत ठेवतात. मी त्यांची चेष्टा करायचो. म्हणायचो, "दिवाणजी, डिस्क जोडलेली आहे की, रात्री आपोआप होतं सगळं." ते म्हणायचे, "असू दे हो. माझं मला."

त्या सोमवारी दिवाणजी दुकानात नव्हते. शनिवारी २९ तारखेला माउलींच्या प्रस्थानाला आळंदीला गेले होते आणि तिथूनच पालखीबरोबर चालत होते. म्हणजे त्या शनिवारचा पेनड्राइव्ह नाही. तिजोरीतली शेवटची पिशवी २२ जूनची. मामानं ती काढून माझ्या हातात दिली तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. घरच्या लॅपटॉपवर उघडली. अकरा वर्षांची उधारी, येणं, देणं, जीएसटी, सगळं होतं. आठवडा गेला होता. तो चलन-बुकातल्या कार्बन कॉपींवरून परत चढवला. मामीनं, मामेबहिणीनं आणि मी, तीन रात्री. ११ जुलैच्या आत जीएसटीचं विवरण गेलं.

मालाचे फोटो मात्र गेले. त्यात जुन्या घडणीचे नमुने होते, जे घडवणारे कारागीर आता नाहीत. मामा त्याबद्दल अजून बोलत नाही. दिवाणजींकडे फक्त हिशेब होता, फोटो पेनड्राइव्हवर मावत नव्हते म्हणून ते घेत नसत. 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट आहे, युरोपोल, डच पोलीस आणि काही कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली, तिथे कधीकधी कुलूप उघडायची चावी फुकट मिळते. आमच्या प्रकाराची नव्हती. ती बंद डिस्क मी फेकलेली नाही, कपाटात आहे. कधी चावी सापडली तर. पैसे दिले नाहीत. पोलिसांच्या सायबर पोर्टलवर तक्रार केली.

आता पुढे काय लावलं, हे विचारणारे मेसेज बरेच येतात, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, तोच सर्व्हर पुसून वर चढवला नाही. नवीन मशीन घेतलं. चोर ज्या घरात फिरून गेला, तिथे रंग देऊन राहायला जायचं नाही. नव्या मशीनसोबत विंडोज सर्व्हर २०२२ ची इसेन्शियल्स आवृत्ती घेतली. ही छोट्या दुकानांना फार कमी लोक सांगतात. साध्या स्टँडर्ड आवृत्तीला किमान सोळा कोअरचं लायसन्स, आणि वर प्रत्येक माणसामागे किंवा कॉम्प्युटरमागे वेगळं लायसन्स. इसेन्शियल्समध्ये पंचवीस माणसं आणि पन्नास उपकरणांपर्यंत ते वेगळं लायसन्स लागत नाही. अट एवढीच, की एकच प्रोसेसर आणि दहा कोअरपर्यंत, आणि ती मशीन बनवणाऱ्या कंपनीकडूनच मशीनबरोबर मिळते. आठ कॉम्प्युटरच्या दुकानाला आणखी काय हवं?

लिनक्स का नाही? मला आवडलं असतं. पण अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, आणि दिवाणजींना एकाहत्तराव्या वर्षी नवं शिकवण्याची माझ्यात हिंमत नाही. तो वाद मी ऑफिसात घालतो.

लिनक्स दुसऱ्या जागी आणला. मामाकडचा एक जुना डेस्कटॉप होता, त्यावर डेबियन टाकलं आणि तो माळ्यावर ठेवला, आत्ता माझ्या पायाशी आहे. त्याचं काम एकच, बॅकअप. पण यात एक मेख आहे, ती नीट ऐका. आधी सर्व्हर बॅकअप ढकलत होता, म्हणजे सर्व्हरला डिस्कवर लिहायची मुभा होती. सर्व्हरमध्ये शिरलेल्यालाही ती आपसूक मिळाली. आता हा डबा रात्री स्वतः सर्व्हरकडे जातो आणि फायली ओढून आणतो. सर्व्हरला या डब्याचा पासवर्डच माहीत नाही. आणि आणलेल्याचा रोज एक स्नॅपशॉट होतो, ज्यात नंतर लिहिता येत नाही. उद्या सर्व्हर परत गेला, तर फार तर एका दिवसाचा कचरा इथे येईल, कालचं शाबूत राहील. महिन्यातून एकदा मी त्यातून खरोखर एक फाइल परत काढून बघतो. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे लॉटरीचं तिकीट.

सीए मॅडमना आता दारच नाही. महिन्याला दिवाणजी हिशेबाची फाइल पासवर्ड लावून पाठवतात. मॅडम म्हणाल्या, "हे मला आधीच चाललं असतं." चार वर्षं मी एक दार उघडं ठेवलं होतं, जे कुणाला नकोच होतं.

नव्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी भांडण झालं ते स्कॅनरचं. जुना स्कॅनर, कागद टाकला की थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये फाइल जायची. नव्यावर जाईना. कारण त्याला फायली पाठवायची एकच भाषा येते, एसएमबी वन, आणि ती नव्या विंडोज सर्व्हरमध्ये बसवून येतच नाही. याच भाषेतल्या एका भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला होता. गंमत बघा, त्या भोकाचा पॅच १४ मार्चला आला होता आणि हल्ला १२ मे रोजी. दोन महिने होते लोकांकडे. तर, एक टिकमार्क केला असता की एसएमबी वन परत चालू झालं असतं. मामा म्हणाला, "कर की मग." दिवाणजी म्हणाले, "स्कॅनर चांगला आहे हो." मी जवळपास केलं होतं. मग नाही केलं. स्कॅनर आता पेनड्राइव्हवर स्कॅन करतो आणि दिवाणजी तो नेऊन लावतात. पेनड्राइव्ह म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

फोल्डरच्या पहारेकऱ्यानंही पहिल्या दिवशी आमचंच सॉफ्टवेअर अडवलं. बिल सेव्ह होईना. ओळखीच्या यादीत त्याचं नाव घातलं, मग झालं. सुरक्षेची प्रत्येक सोय आधी मालकालाच अडवते, आणि तिथेच बहुतेक दुकानांत ती कायमची बंद होते.

मग आलं विंडोज सर्व्हर २०२५. १ नोव्हेंबर २०२४ ला, ऐन दिवाळीत. मामाला कुणीतरी गिऱ्हाइकानं सांगितलं, "नवीन आलंय." मामा मला, "आपलं लगेच जुनं झालं का?"

नाही झालं. २०२२ ला सुरक्षेचे पॅच १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत मिळणार आहेत. पण २०२५ मध्ये जे आलंय ते बघण्यासारखं आहे, त्यातलं दोन-तीन सांगतो.

एक म्हणजे फायलींच्या दारावरचा थांबा. पासवर्ड चुकला की पुढच्या प्रयत्नाला दोन सेकंद थांबायचं. ऐकायला काहीच नाही. पण गणित करा. पूर्वी सेकंदाला तीनशे पासवर्ड मारणारा प्रोग्रॅम पाच मिनिटांत नव्वद हजार मारायचा. आता तेवढ्यालाच कमीत कमी पन्नास तास लागतात. माणसाला दोन सेकंद जाणवत नाहीत, चोराला दोन दिवस लागतात. मला ही सोय फार आवडली, कारण ती साधी आहे. आमच्यावरचा हल्ला रिमोट डेस्कटॉपवरून होता, त्यामुळे ही नेमकी आमच्या कामी आली नसती, हेही सांगून टाकतो.

दुसरं, थेट उडी. आधी जुन्या आवृत्तीवरून एका वेळी फार तर दोन पायऱ्या चढता यायच्या. आता चार येतात, म्हणजे २०१२ आर टू वरून सरळ २०२५ वर. ज्यांच्या जिन्याखाली अजून २०१२ आर टू आहे, आणि पेठेत असे आहेत, मला फोन येतात, त्यांच्यासाठी ही खरी सोय. आधी बॅकअप, मग उडी.

तिसरं म्हणजे रीस्टार्ट न करता पॅच. हॉटपॅच. वर्षाला बारा रीस्टार्टच्या जागी चार. यात विंडोजनं काही नवल केलेलं नाही, लिनक्सच्या कर्नलमध्ये अशा पॅचची सोय ४.० पासून, २०१५ पासून आहे. आणि विंडोजमध्ये ती फुकट नाही, जुलै २०२५ पासून दर कोअरमागे महिन्याला दीड डॉलर, शिवाय मशीन मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जोडावं लागतं. रुग्णालयाला, मेट्रोला, एखाद्या बँकेला याचं मोल आहे. मामाचं दुकान रात्री नऊला बंद होतं. महिन्यातल्या एका बुधवारी रात्री अकराला सर्व्हर स्वतःच रीस्टार्ट होतो, तेव्हा त्याच्याकडे बघायला फक्त घुशी असतात. दीड डॉलर कशाला द्यायचे?

अजून एक किस्सा आहे २०२५ चा. नोव्हेंबरमध्येच जगभरातले काही २०१९ आणि २०२२ चे सर्व्हर आपोआप २०२५ वर चढले. सकाळी लोक ऑफिसात आले तर वेगळीच विंडोज, आणि तिचं लायसन्सही नाही! मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की बाहेरच्या कंपन्यांच्या पॅच लावणाऱ्या काही टूल्समुळे असं झालं. परत मागे यायला बॅकअप हाच मार्ग. तेव्हापासून मी पॅच आपोआप लावू देतो, पण आवृत्ती बदलणारं काही आलं तर मला विचारल्याशिवाय नाही.

तुमच्याकडे, किंवा वडिलांच्या, काकांच्या ऑफिसात असा डबा असेल तर आज एवढं बघा: स्टार्टमध्ये 'विनव्हर' टाइप करा, साल दिसेल. २०१२ असेल तर लगेच हालचाल करा. २०१६ असेल तर १२ जानेवारी २०२७ पर्यंत वेळ आहे, म्हणजे त्याआधीच्या बजेटमध्ये घाला. आणि राउटरमध्ये जाऊन कुठला पोर्ट उघडा आहे ते बघा. तो कुणी, कधी, कुणासाठी उघडला हे कुणालाच आठवणार नाही. बंद करा. ज्याला लागत असेल तो ओरडेल.

दिवाणजी आता बहात्तर. या वर्षीही वारीला गेले. जायच्या आधी मला फोन केला, "दोन शनिवार मी नाही. पेनड्राइव्ह कोण काढणार?" मी म्हटलं, दिवाणजी, माळ्यावरचा डबा रोज घेतो आता. ते गप्प. मग म्हटलं, येतो मी. आलो दोन्ही शनिवारी. तारीख लिहून पिशवी तिजोरीत ठेवली. आता पेनड्राइव्ह मोठा घेतलाय, त्यात फोटोही मावतात. मामेबहीण आळीत जाऊन परत फोटो काढतेय, जे जे कारागीर आहेत त्यांच्या कामाचे.

आणि हो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. दुकानातल्या आठपैकी चार कॉम्प्युटर २०१७ चे आहेत, त्यांवर ११ चढत नाही. या वेळी तारीख माझ्या एक्सेलमध्ये होती, लाल रंगात. मामानं विचारलंय, किती खर्च येईल. आकडा काढतोय, खाली जाऊन सांगायचाय. ठक-ठक थांबलं बघा, जेवायची वेळ झाली. चला, भेटू पुढच्या भागात.